खिडकी बंद, तोंडं उघडी

2025 च्या 1 सप्टेंबरला इंग्लंडमधली ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडूंची खरेदी-विक्री करायची खिडकी, बंद झाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि आमच्या सोसायटीतल्या चर्चेला तेव्हा कुठे तोंड फुटलं. जूनपासून जे चाललं होतं ते नुसतं घसा खाकरणं. खिडकी उघडी असेपर्यंत माणूस जरा जपून बोलतो, कारण आज आपण ज्याला 'ओंडका' म्हणतोय तोच उद्या आपल्या क्लबात यायचा. एकदा खिडकी लागली की जानेवारीपर्यंत दुसऱ्या क्लबातून कोणाला घेता येत नाही, परत करता येत नाही, बदलूनही मिळत नाही. आता आपण कितीही घसा फोडला तरी तसूभर फरक पडणार नाही अशी खात्री पटली, की मराठी माणूस खरा मोकळा होतो.

आमच्यात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. सी विंगच्या चौथ्या मजल्यावर लिव्हरपूल राहतात. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्या बरोबर वर आर्सेनल. त्या सप्टेंबरपर्यंत आर्सेनलने लीग शेवटची जिंकली होती 2004 साली. तेव्हापासून सगळ्यांच्या वर असण्याचं सुख त्यांना बिल्डरनेच काय ते दिलं होतं, कारण पाचवा मजला शेवटचा आहे. चेल्सी हा हिंजवडीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि त्याला फुटबॉल 2012 पासून कळतं, म्हणजे चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकल्यापासून. न्यूकॅसल एकटाच. लहानपणी कोणीतरी त्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टी-शर्ट दिला होता. तो फाटेपर्यंत निष्ठा जडली. आणि मी मँचेस्टर युनायटेड. 1999 च्या फायनलमध्ये बायर्नविरुद्ध भरपाईच्या वेळेत दोन गोल झालेले पाहिले आणि हा धर्म घेतला. त्यानंतर आम्हाला वाईट दिवस आले, पण धर्म काही बदलता येत नाही. घरचे विचारतात.

बायकांनीही ही नावं उचलली आहेत. आमची ही परवा भाजीवाल्याला सांगत होती, "मेथी लिव्हरपूलकडे द्या, आर्सेनलनी कोथिंबीर नको म्हणून सांगितलंय."

यामुळे घोटाळे होतात. त्या 1 सप्टेंबरला नेमकं गौरीपूजन होतं. घरात हळदीकुंकवाची गर्दी, स्वयंपाकघरात पुरणाचा घमघमाट, आणि मी मखराच्या मागे, जिथे दिव्यांच्या माळेचा प्लग आहे, तिथे मोबाइल चार्जिंगला लावून दर दोन मिनिटांनी गौरींच्या पदराखालून बातमी बघतोय. फाब्रित्सियो रोमानो नावाचा एक इटालियन पत्रकार आहे. तो 'हिअर वी गो' म्हणाला की सौदा झाला असं जगभर समजतात. सरकारी राजपत्रालाही एवढा मान नाही. नैवेद्य दाखवताना मी जरा जोरातच "आला! आला!" असं ओरडलो. आत्या पाटावरून वळल्या.

"कोण आलं रे?"

"इसाक."

"कोणाकडे?"

"लिव्हरपूलकडे."

"अगंबाई, चौथ्या मजल्यावर का? मग त्यांनाही जेवायलाच बोलाव. सणाच्या दिवशी आलेला माणूस उपाशी जाऊ नये."

"आत्या, तो स्वीडनचा आहे."

"असू दे. पुरण चालतं ना?"

रात्री मांडवात जागायची पाळी आमची होती. सोसायटीच्या गणपतीला रात्री एकटं ठेवायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे दर रात्री चौघे-पाचजण खाली बसतात. एरवी पत्ते असतात. त्या रात्री पत्ते वाटले, पण कोणी उचलले नाहीत. मांडवाच्या एका कोपऱ्यात आमचे खजिनदार टेबल टाकून वर्गणीच्या पावत्या जुळवत होते. त्यांना फुटबॉल कळत नाही आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. दुसऱ्या बाजूला चेल्सीचे सख्खे मामा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसले होते. मामा कोल्हापूरचे. गुडघ्याच्या इलाजासाठी आले नसते तर गणपतीत कोल्हापूर सोडून ते कुठे जाते ना.

मामांचं इथे असणं आम्हाला गैरसोयीचं होतं, कारण या मांडवात प्रत्यक्ष मैदानावर जाऊन फुटबॉल पाहिलेला हा एकच माणूस. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की पेठांमध्ये काय वातावरण असतं ते मामांनी सांगावं आणि आपण खुर्ची जरा मागे घेऊन ऐकावं. मामा पाटाकडीलचे. त्यांना प्रीमियर लीग मुळीच वर्ज्य नाही, फक्त ती त्यांना जरा लांबची तालीम वाटते.

सुरुवात अर्थातच लिव्हरपूलनी केली. न्यूकॅसलचा स्ट्रायकर इसाक याच्यासाठी त्यांच्या क्लबाने 12.5 कोटी पौंड मोजले होते. ब्रिटनमधला हा तेव्हाचा विक्रम.

"आपल्या रुपयांत जवळजवळ दीड हजार कोटी," लिव्हरपूल म्हणाले, जणू चेक त्यांच्याच शाखेतून गेला होता.

"जास्त नाहीत?" मी विचारलं.

"दर्जा पाहिजे तर पैसा सोडावा लागतो. किमतीकडे बघून चालत नाही."

कोपऱ्यातून खजिनदारांनी मान वर केली. "दीड हजार म्हणालात का? मग तुमची पावती फाडू?"

"कसली?"

"वर्गणीची. दीड हजार. तुमची राहिली आहे."

"दीड हजार?" लिव्हरपूल खुर्चीतून अर्धे उठले. "गेल्या वर्षी बाराशे होती! एका वर्षात तीनशे रुपये वाढ? काय धोरण काय आहे तुमचं? असा पैसा उधळायचा असतो का?"

खजिनदार परत पावत्यांत गेले. मामांनी मात्र विषय धरून ठेवला.

"मला एक सांगा. ह्या पोरानं सरावाला दांडी मारली म्हंत्यात. खरं हाय?"

खरं होतं. इसाकला न्यूकॅसल सोडायचं होतं. तो संघाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर गेला नाही, आपल्या जुन्या स्पॅनिश क्लबाच्या मैदानावर एकटाच सराव करत बसला, आणि दिलेला शब्द पाळला गेला नाही असं जाहीर निवेदनही काढलं. लिव्हरपूलचा आधीचा 11 कोटी पौंडांचा प्रस्ताव न्यूकॅसलने धुडकावला होता. हे सगळं चेल्सीने मामांना समजावून सांगितलं.

"म्हंजे तो नाराज हुता."

"हो."

"आमच्या तालमीत कितीजण नाराज हाईत! पर सकाळी सहाला मैदानावर येत्यात. न्हाई आलं तर वस्ताद घरी जाऊन आनतोय. आनि ह्याला रुसल्याबद्दल दीड हजार कोटी?"

या प्रश्नाने न्यूकॅसलला एकदम बळ आलं. आधीचे पंधरा दिवस बिचारा कोणाशी बोलतच नव्हता. 25 ऑगस्टला इसाकशिवाय खेळलेल्या न्यूकॅसलला लिव्हरपूलने हरवलं, तेही शंभराव्या मिनिटाला, आणि विजयी गोल केला रिओ एनगुमोहा नावाच्या 16 वर्षांच्या पोराने. दीड हजार कोटींच्या माणसाची ज्या संघाला एवढी तातडी होती त्याचं काम दहावीतल्या वयाच्या मुलाने केलं, हे मी सहज सुचवलं तर लिव्हरपूलनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या कर्जाचा अर्ज फेटाळलाय.

"मामा बरोबर बोलले," न्यूकॅसल म्हणाला. "तत्त्व म्हणून काही आहे की नाही? क्लबाशी बेइमानी करणाऱ्याला थारा देता कामा नये."

"मग तुम्ही विसाला कसं घेतलंत?" चेल्सीने विचारलं.

इथे वाचकांना सांगायला हवं, की इसाक रुसून गेला म्हणून संतापलेल्या न्यूकॅसलने त्याच दिवशी योआन विसाला आणलं, आणि हा विसा ब्रेंटफर्डमध्ये नेमका तसाच रुसून बसला होता. त्यानेही निवेदन काढलं होतं.

"विसाचं प्रकरण वेगळं आहे," न्यूकॅसल म्हणाला.

"वेगळं म्हणजे?"

"तो आमच्याकडे यायला रुसला होता."

आता कोणत्याही फुटबॉलच्या वादात जी पोथी शेवटी निघते ती निघाली. पोथीचं नाव 31 जानेवारी 2011. त्या दिवशी चेल्सीने लिव्हरपूलकडून फर्नांडो टोरेस 5 कोटी पौंडांना घेतला, आणि हातात आलेल्या पैशांतून लिव्हरपूलने न्यूकॅसलचा अँडी कॅरोल 3.5 कोटींना उचलला. कॅरोलला हेलिकॉप्टरने नेलं. इतक्या घाईने आणलेल्या त्या माणसाने लिव्हरपूलसाठी लीगच्या 44 सामन्यांत 6 गोल केले. तिकडे टोरेसला चेल्सीसाठी पहिला गोल करायला एप्रिल उजाडला. या पोथीची गंमत अशी, की ती वाचायला कोणालाही मोह होतो आणि वाचता वाचता आपलंच नाव त्यात निघतं. चेल्सीने कॅरोलचा विषय काढला, लिव्हरपूलनी टोरेसचा, आणि मग दोघेही एकाच वेळी गप्प होऊन समईकडे बघू लागले. न्यूकॅसल तेवढा खुश होता. त्या व्यवहारात त्याला नुसते पैसेच मिळाले होते.

"चेल्सीचा खरा प्रश्न स्ट्रायकर नाही, नंबर आहे," आर्सेनल म्हणाले. ते पत्रिका बघतात. बघणं हा त्यांचा छंद आहे, पण तिथीबद्दल विचारलंत तर बारीकसारीक ग्रहही सांगून टाकतात. चेल्सीत ज्याने नऊ नंबर घातला त्याचं काही खरं राहत नाही असं म्हणतात. टोरेस, फाल्काव, मोराटा, हिग्वाइन, लुकाकू, सगळे नावाने मोठे आणि तिथे येऊन छोटे झाले. 2022 मध्ये त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस टुखेल यांनी उघडच सांगितलं होतं, की हा नंबर शापित आहे असं लोक म्हणतात आणि कोणी तो घ्यायला धजत नाही. 2025 मध्ये लियाम डेलॅप नावाच्या तरण्याबांड पोराने तो घेतला. 30 ऑगस्टला फुलमविरुद्ध पंधरा मिनिटंही झाली नव्हती, आणि तो मांडी धरून बाहेर.

"साडेसाती," आर्सेनल म्हणाले.

"दर शनवारी मारुतीला तेल घाला म्हनावं," मामा म्हणाले. "आनि मॅच रविवारी ठेवा."

पण चेल्सीचं दुःख इथे संपत नव्हतं. डेलॅप जखमी झाला त्याच दिवशी त्यांचा दुसरा स्ट्रायकर निकोलस जॅक्सन हा बायर्नकडे उसना जायला म्यूनिकला पोचलेला होता. इकडून निरोप गेला, परत ये. आता, म्यूनिकला पोचलेला माणूस परत येईल का? मुलगा घोड्यावर बसून मांडवापर्यंत गेलेला, आणि घरून फोन, की अरे गॅस सिलिंडर संपलाय, जरा येतोस का. जॅक्सन आला नाही. शेवटच्या दिवशी चेल्सीला त्याला जाऊ द्यावंच लागलं. याच्या उलट प्रकार 2013 च्या जानेवारीत घडला होता. वेस्ट ब्रॉमचा पीटर ओडेमविंगी, सौदा ठरायच्या आधीच स्वतः गाडी चालवत क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानावर हजर झाला. सौदा झालाच नाही. गाडीत बसलेल्या अवस्थेतच त्याचे फोटो निघाले आणि मग त्याला आला त्या रस्त्याने परत जावं लागलं. मला तो माणूस आवडतो. आपल्याकडेही निमंत्रण पत्रिका हातात यायच्या आधी आहेर घेऊन पोचणारी मंडळी असतात, त्यांच्यामुळेच समारंभाला शोभा येते.

आर्सेनलची कथा आणखी करुण. वर्षानुवर्षं हा माणूस लिफ्टमध्ये भेटला की एकच वाक्य बोलायचा: "आम्हाला फक्त एक स्ट्रायकर हवा." खरा स्ट्रायकर नसल्यामुळे त्यांचा क्लब 'फॉल्स नाइन' खेळवायचा, म्हणजे नऊ नंबरच्या जागी असलेला पण तिथे न थांबणारा माणूस. हे मामांना समजावताना आर्सेनलची तारांबळ उडाली.

"खोटा नऊ नंबर?"

"हो."

"मग खरा कुठं हाय?"

"खरा नाहीच."

"म्हंजे नुसती पाटी लावलीया."

शेवटी जुलैत आर्सेनलने व्हिक्टर ग्योकेरेसला आणलं. आदल्या मोसमात पोर्तुगालच्या स्पोर्टिंगसाठी 52 सामन्यांत 54 गोल करणारा हा स्वीडिश गडी, गोल केला की दोन्ही हातांची बोटं तोंडावर मुखवट्यासारखी धरतो. आमच्या आर्सेनलनी ती पोज गणपतीच्या स्पर्धांत लहान मुलांना शिकवली, आणि दोन आया त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. 23 ऑगस्टला त्याने लीड्सविरुद्ध दोन गोल केले तेव्हा आर्सेनलनी पेढे वाटले. 31 ऑगस्टला, गौरी आवाहनाच्या रात्री, आपल्या ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूलने त्यांना 1-0 हरवलं. गोल केला सोबोसलाईने, तीसेक यार्डांवरून फ्री किकवर, आणि त्या दिवशी तो खेळत होता राइट बॅक म्हणून. पेढ्यांच्या डब्यात दोन उरले होते, ते लिव्हरपूलनी मागून खाल्ले.

तेव्हापासून आर्सेनलचं वाक्य बदललं. आता लिफ्टमध्ये ते म्हणतात, "स्ट्रायकर आल्यापासून आमच्या खेळातला ओघ गेला हो."

ओघ म्हटलं की लिव्हरपूल चिडतात. आर्सेनलच्या बाथरूममधून त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर गेलं वर्षभर गळती आहे. बरोबर फ्रीजच्या वर. "तुमचा ओघ माझ्याकडे येतोय," असं ते म्हणाले आणि त्या रात्री गणपतीसमोर फुटबॉल बाजूला राहून दहा मिनिटं वॉटरप्रूफिंगवर गेली.

माझ्या वाट्याला जे आलं ते मी शक्यतो सांगत नाही. युनायटेडने स्लोवेनियाचा बेंजामिन सेश्को आणला. उंच, देखणा, वेगवान, आणि अटी पूर्ण झाल्या तर 7 कोटी पौंडांच्याही वर जाणारा. मी त्याचे व्हिडिओ बघितले होते. यूट्यूबवरच्या त्या सहा मिनिटांच्या व्हिडिओंबद्दल एकदा कोणीतरी गांभीर्याने बोलायला हवं. मागे ढोल वाजत असतात, प्रत्येक चेंडू गोलात जातो, आणि गोलकीपर बिचारे जगातले सगळ्यात आळशी लोक वाटतात. असा व्हिडिओ बनवला तर आमच्या वॉचमनचाही होईल. 27 ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या रात्री, मी सेश्कोची कामगिरी बघायला बसलो. समोर ग्रिम्सबी टाउन. म्हणजे इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरचा क्लब, ज्याच्या गावाचं नाव बंदरावरच्या मासळीमुळे ओळखतात. रात्री साडेबाराला मॅच सुरू. 2-2. मग पेनल्टी. मग पेनल्टीच पेनल्टी. आमचा महागडा स्ट्रायकर पुढे आला दहाव्या क्रमांकाला. प्रशिक्षक बाकावर बसून बोर्डावरचे लोहचुंबक इकडून तिकडे सरकवत होते, आम्ही जसे वीज गेल्यावर उगाच बटणं दाबतो तसे. शेवटी 12-11 ने हरलो. पहाट व्हायला आली होती आणि घरात गणपती येऊन जेमतेम एक दिवस झाला होता.

"कोण हरलं?" आतून हिचा आवाज आला.

"कोणी नाही, झोप."

"मग दुसऱ्यांदा मोदक कशाला गरम करताय?"

पुढे कळलं, की ग्रिम्सबीने खेळवलेल्या एका खेळाडूची नोंदणी मुदतीनंतर फक्त एक मिनिट उशिरा झाली होती आणि क्लबाला 20 हजार पौंडांचा दंड झाला, त्यातला अर्धा स्थगित. निकाल मात्र तोच राहिला. हे ऐकून मामांना भरून आलं. "एक मिन्टं!" ते म्हणाले. "आमच्याकडं नोंदनीच्या दिवशी पोरगा घरात कोंडून ठेवावा लागायचा. न्हाईतर दुसऱ्या तालमीची मान्सं मोटरसायकलवर घालून न्यायची." मग त्यांनी कोल्हापुरात नायजेरियाची पोरं खेळायला आली तेव्हाची गोष्ट काढली. आधी त्यांची परीक्षा कशी घ्यायचे? मैदानावर नाही. तांबडा रस्सा पाजायचे. "रस्सा पचवला की समजायचं, पोरगं टिकनार. तुमच्या त्या रोमानोला सांगा, मेडिकलचा खर्च वाचंल."

त्या रात्री कोणाच्या सांगण्यावरून खेळाडू घ्यावा यावर आर्सेनलनी शेवटचा दाखला दिला तो 1996 चा. साउथॅम्प्टनच्या प्रशिक्षकांना, ग्रेअम सूनेस यांना, कोणीतरी फोन केला, की मी जॉर्ज वीआ बोलतोय आणि माझा भाऊबंद अली दिया फार चांगला खेळतो. वीआ म्हणजे तेव्हाचा जगातला सर्वोत्तम खेळाडू. अली दियाला घेतलं. लीड्सविरुद्ध तो बदली म्हणून आत गेला, आणि त्याची एकंदर धावपळ पाहून सामना संपायच्या आत त्या बदलीलाच बदलून बाहेर काढावं लागलं. फोन वीआने केलेलाच नव्हता.

खजिनदारांनी टेबलावरून मान वर केली. "म्हणजे आपल्या ऑर्केस्ट्रासारखं."

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने फोनवरच्या शिफारशीवर एक ऑर्केस्ट्रा आणला होता. त्याविषयी मांडवात बोलायचं नाही असा ठराव झालेला आहे, म्हणून मीही बोलत नाही.

खिडकी बंद झाली त्या रात्री आम्ही जी ठाम मतं मांडली, ती सगळ्यांनी मोबाइलवर लिहूनही ठेवली. अनेकांनी स्क्रीनशॉट घेतले. हा नवीन रोग आहे. पूर्वी माणूस वाटेल ते बोलायचा आणि सहा महिन्यांनी "मी तेव्हाच म्हणालो होतो" म्हणून मोकळा व्हायचा. आता पुरावा मागतात. त्यावर आर्सेनलनी तोडगा काढला: ते प्रत्येक खेळाडूबद्दल दोन मतं लिहितात, आणि वेळेनुसार हवं ते काढून दाखवतात. पत्रिका बघण्याच्या छंदातून ही सवय आली असणार.

नवरात्रात, 23 सप्टेंबरला, इसाकने लिव्हरपूलसाठी पहिला गोल केला. लिव्हरपूलनी जिन्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच मॅचमध्ये त्यांचा दुसरा नवा स्ट्रायकर ह्यूगो एकितिके याने विजयी गोल केला आणि आनंदाच्या भरात शर्ट काढून तो कॅमेऱ्यासमोर धरला. शर्ट काढला की पिवळं कार्ड, हा नियम पाळण्यातल्या पोरांनाही माहीत असतो. एक पिवळं आधीच घेतलेलं होतं. दोन मिळून लाल. समोर साउथॅम्प्टन होता, म्हणजे फार मोठी लढाई होती असंही नाही. दुसऱ्या दिवशी खजिनदारांनी सकाळी फिरताना लिव्हरपूलना विचारलं, "त्याचा शर्ट परत घेतला का हो क्लबाने? तोच विकला असता तरी चार पैसे आले असते."

न्यूकॅसलचा विसा देशाकडून खेळताना गुडघा दुखावून बसला, क्लबासाठी एकही मिनिट खेळायच्या आधी. त्यांनी आणलेल्या सहा फूट सहा इंचांच्या वोल्टेमाडेने मात्र पहिल्याच मॅचमध्ये डोक्याने गोल केला. न्यूकॅसलने तीन दिवस मान ताठ ठेवली. आपलीही उंची वाढलीय असं त्याला वाटत होतं.

आणि 19 ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान, रात्री नऊला ॲनफिल्डवर लिव्हरपूल विरुद्ध युनायटेड. लिव्हरपूल क्लबाने त्या उन्हाळ्यात 40 कोटी पौंडांवर खर्च केला होता. पूर्ण प्रीमियर लीगचा मिळून 3 अब्ज पौंडांवर, त्यातला गलेलठ्ठ वाटा स्ट्रायकरांचा. आम्ही सगळे चेल्सीच्या घरी जमलो, मध्ये चिवड्याचा डबा, आणि मामा परत गुडघा दाखवायला आलेले. शेवटची काही मिनिटं उरली होती, 1-1. तेव्हा चेंडूवर डोकं लावलं ते आमच्या हॅरी मॅग्वायरने. सेंटर बॅक. बचावपटू. 2-1.

मी सोफ्यावरून उडालो तो थेट चिवड्यात. लिव्हरपूल काही न बोलता शेंगदाणे वेचू लागले.

"ह्यो कोन?" मामांनी विचारलं.

"मॅग्वायर. मागे खेळतो."

"आनि तुमचा सात कोटींचा?"

"तो वेगळा."

"मग त्यालाच फुडं का खेळवत न्हाईसा?"

याला उत्तर नाही. असलं तर ते जगातल्या कोणत्याही प्रशिक्षकाला ठाऊक नसावं. मीही फक्त एवढंच सांगितलं, की हा मॅग्वायर स्वस्त नव्हता, 2019 मध्ये 8 कोटी पौंडांना आणला होता आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यालाही ओंडका म्हटलं होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी सोसायटीची हिशेबाची सभा झाली. पहिला विषय गणपतीचा जमाखर्च, दुसरा पुढच्या वर्षीची वर्गणी. खजिनदार उभे राहिले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "गणपतीच्या दहा रात्रींत मी बसल्या बसल्या बरंच शिकलो. पुढच्या वर्षापासून आपण इंग्लिश पद्धत घेतोय. मूळ वर्गणी 1,500. बाकी अटींवर."

"कसल्या अटी?" लिव्हरपूलनी विचारलं.

"देखाव्याला वॉर्डात बक्षीस मिळालं तर प्रत्येकी 200 वर. आरतीला घरातलं कोणीच आलं नाही तर 100. विसर्जनाला ढोलपथक वेळेवर आलं तर 150, कारण ते कधी येत नाही. आणि महाप्रसादाला घरचे चारच्या वर पाहुणे आणलेत तर दर पाहुण्यामागे 50."

"ही लूट आहे!"

"दर्जा पाहिजे तर पैसा सोडावा लागतो," खजिनदार म्हणाले. "किमतीकडे बघून चालत नाही."

लिव्हरपूलनी थोडा विचार केला. मग विचारलं, तिकडचे क्लब रक्कम हप्त्यांनी देतात, तसं इथे चालेल का. खजिनदारांनी पाच हप्ते मान्य केले, पण बँकेची हमी मागितली. लिव्हरपूल म्हणाले, बँक म्हणजे मीच. खजिनदार म्हणाले, म्हणूनच मागतोय.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आर्सेनल उठले. त्यांचा एक प्रस्ताव होता. बाथरूमची गळती ते स्वखर्चाने दुरुस्त करून देतील. त्या बदल्यात त्यांची वर्गणी लिव्हरपूलनी भरावी. थोडक्यात, खेळाडू अधिक रोख. सभा एकदम जागी झाली. गळतीचं मूल्य किती धरायचं, फ्रीजचं नुकसान त्यात येतं का, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा गळलं तर जबाबदारी कोणाची, यावर तासभर चर्चा झाली. चेल्सीने मोबाइलवर तक्ता काढला. शेवटी लिव्हरपूल तत्त्वतः राजी झाले. फक्त प्लंबरची आधी मेडिकल करा म्हणाले. मागच्या वेळी आला होता त्याची कंबर वाकत नव्हती.

प्लंबरला बोलावायला वॉचमनला पाठवलं. तो पाच मिनिटांत परत आला.

"साहेब, तो समोरच्या सोसायटीत लागलाय. म्हणतोय, जानेवारीच्या आधी मोकळा नाही."